बाबांच्या कपाटातल्या रेघा

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. कपाटच राहिलं नव्हतं. मी कडी धरून जरा ओढली तर दाराची फळी सुटून हातात आली आणि पायांवर वाळवीची भुसभुशीत माती सांडली.

“सांभाळून ताई, आतून उधई लागेल हाय,” नवे पाळकसाहेब म्हणाले.

नवे म्हणजे तरुणच. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, खिशात दोन पेनं. त्यांनीच आठवड्यापूर्वी मला फोन केला होता. चर्चला लागून असलेल्या आमच्या जुन्या घराच्या या खोलीत फरशी बसवायची होती आणि माझ्या बाबांची पुस्तकं अजून इथंच पडून होती. “तुमी घेऊन गेल्या तं बरं होईन, नाई तं...” एवढं बोलून ते थांबले होते. पुढचा रद्दी हा शब्द त्यांनी भल्या माणसासारखा गिळला. मी म्हटलं, येते. नवरा म्हणाला, जाऊन ये. हल्ली आम्ही दोघं एकमेकांशी एवढंच बोलतो.

अमरावतीहून वाशिम, वाशिमहून रिसोड आणि पुढे जीप. जीपमध्ये दोघं जण सोयाबीनच्या भावावरून भांडत होते आणि मध्ये बसलेल्या मला साक्षीला धरत होते. “तुमीच सांगा बाई!” मी काय सांगणार? मी हो म्हटलं. दोघांनाही.

मिशनचं आवार ओळखूच आलं नाही. बोर्डिंगची इमारत गेली होती. विहिरीवर लोखंडी जाळी आली होती. कडुनिंब मात्र होते, आणि त्यांना मोहोर आला होता. तो कडसर-गोड वास नाकात गेला आणि मी फाटकातच थबकले, कारण आमच्या घरातल्या पुस्तकांना हाच वास यायचा. आई दर वर्षी पानापानांत निंबाचा पाला घालून ठेवायची. पुस्तक उघडलं की एखादी वाळकी काडी मांडीवर पडायची आणि बाबा ती उचलून खिशात ठेवायचे. कपडे धुताना आईला त्यांच्या खिशात कायम काड्या सापडत.

खरं सांगायचं तर मी पुस्तकांसाठी आले नव्हते. मला एक ओळ हवी होती. फक्त एक.

माझा मुलगा आशिष गेल्या वर्षी गेला. बावीस वर्षांचा होता. कसा गेला ते मी इथं लिहिणार नाही. सगळे तेच विचारतात आणि सांगून सांगून माझी जीभ त्या गोष्टीला विटली आहे. तो गेला, एवढंच खरं. त्यानंतर माणसं आली, खूप आली, आणि सगळ्यांनी काही ना काही आणलं. कुणी फळं, कुणी डबा, कुणी बायबलातलं वचन. देवाला आपल्या बागेत लावायला फूल हवं होतं, असं एक बाई माझा हात धरून म्हणाल्या. अहो, शेजारच्या अंगणातलं जास्वंद तोडायचं तरी माणूस आवाज देतं! मी हात सोडवून घेतला आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरात जाऊन उलटी केली.

मरावंसं वाटत होतं असं नाही. पण सकाळी जाग आली की वाटायचं, हा अख्खा दिवस आता कुठून कुठे न्यायचा? चर्चला जाणं सोडलं. प्रार्थना सुटली. देवाशी माझं बोलणं बंद आहे. तो बोलतोय की नाही हे त्याचं त्यानं बघावं. पाळकाच्या मुलीनं असं म्हणू नये हे मला कळतं. पाळकाच्या मुलीनं काय काय करू नये याची यादी मला बारशापासून पाठ आहे.

आणि तरीही फोन आला आणि मी येते म्हटलं. बाबांचं कपाट!

त्या कपाटाला तीन कप्पे होते. वरचा विश्वासाच्या पुस्तकांचा. मधला दुःखाच्या. खालचा पाळकपणाच्या: आजाऱ्याला कसं भेटावं, मयतीच्या घरी किती वेळ बसावं, भांडखोर मंडळीला कसं सांभाळावं. सगळी जाड, खरखरीत कागदाची, मिशनच्या जुन्या मराठीतली. वाचकाला ‘हे प्रिय जिवा’ म्हणून हाक मारणारी. माझा धाकटा भाऊ ती हाक मारून मला चिडवायचा. “हे प्रिय जिवा, माझी चड्डी कुठे आहे?” आई पदरात तोंड लपवून हसायची. बाबा मात्र त्या कपाटाला दवाखाना म्हणत. वरचा कप्पा ताकदीच्या औषधाचा, मधला दुखण्यावरचा, आणि खालचा डॉक्टरनं स्वतः घ्यायचा.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मोठी नव्हती. आवारात दहा-बारा घरं, आजूबाजूच्या खेड्यांत विखुरलेली आणखी थोडी. चर्चची घंटा म्हणजे जऊळक्याच्या स्टेशनाकडून कुणीतरी कधीतरी आणलेला रुळाचा तुकडा, निंबाला टांगलेला. रविवारी तो भराभर वाजे. कुणी गेलं तर सावकाश, वयाइतके ठोके. आवारातली माणसं हातातलं काम थांबवून मोजत. म्हातारं माणूस असलं तर मोजता मोजता बायका पुन्हा भांडी घासायला लागायच्या. लहान कुणी असलं तर ठोके फार लवकर संपायचे आणि मग सगळेजण पुढच्या ठोक्याची वाट बघत उभे राहायचे.

मयत झाल्यावर चार-पाच दिवसांनी, पाहुणे पांगले की, बाबा मधल्या कप्प्यातलं पुस्तक काढत. बहुतेक वेळा एकच, तपकिरी पुठ्ठ्याचं. आम्ही मुलं त्याला रडकं पुस्तक म्हणायचो. बाबा त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालत, पेन्सिलीचा एक तुकडा दोऱ्यानं त्याला बांधत, आणि सायकलला पिशवी अडकवून त्या घरी जात. मी कितीदा त्यांच्याबरोबर कॅरिअरवर बसून गेले आहे. घरात अजून रॉकेलचा आणि झेंडूचा वास असायचा. बाबा पुस्तक माणसाच्या हातात द्यायचे आणि दर वेळी तेच सांगायचे.

“वाचा. घाई नाई. पैनगंगेच्या डोहात माणूस पडला का पाय टेकाले जागा शोधते, तसं वाचा. अन् जिथं पाय टेकन तिथं रेघ मारजा.”

नाव लिहायचं नाही, तारीख नाही. फक्त रेघ. पुस्तक दोन महिन्यांनी परत येई, कधी सहा महिन्यांनी. हळदीचे डाग पडून, धुराचा वास घेऊन. शनिवारी संध्याकाळी बाबा ते घेऊन खिडकीशी बसत. कुणी कुठे रेघ मारली ते बघत, आणि त्यातली एखादी ओळ घेऊन रविवारचा उपदेश तयार करत. कुणाची रेघ हे कधी सांगत नसत. पण बाकावर बसलेल्या त्या माणसाला कळायचं. मला आठवतं, एकदा गवंडीकाम करणारा एक दांडगा माणूस ओळ ऐकून एकदम उठला आणि बाहेर जाऊन निंबाला धरून उभा राहिला. बाबा थांबले नाहीत. त्यांनी आवाज थोडा वाढवला, बाहेर ऐकू जावा म्हणून.

“वहीत उतरवून काहून नाई ठेवत हो?” आई विचारायची. “पुस्तकं हरवतात.”

“त्याइच्या हातची रेघ वहीत कशी येईन?” बाबा म्हणायचे.

सगुणाबाई बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायची. तिचा नवरा पौलस मिशनच्या इमारतींची डागडुजी करायचा. त्यांची शलोमी माझ्याच वयाची. शब्बाथ शाळेत माझ्या शेजारी बसायची आणि गाताना इतकी ओरडायची की शिक्षिका तिला मागच्या ओळीत पाठवत. आईसारखाच आवाज. सगुणाबाई चर्चमध्ये गीतपुस्तक छातीशी उघडं धरून गायची आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. कुठलंही गीत असो, शेवटच्या कडव्यापर्यंत एक शब्द चुकायचा नाही.

शलोमी गेली त्या दिवशी रुळाचा तुकडा नऊदा वाजला. मी आमच्या ओट्यावर उभी होते. नऊ झाल्यावर मी मनात दहा म्हटलं, आणि दहा वाजला नाही. मीही नऊच वर्षांची होते. त्यापुढे किती दिवस मला वाटायचं की तो दहावा ठोका माझ्याकडेच राहिला आहे.

रडकं पुस्तक सगुणाबाईच्या घरी गेलं आणि लवकर परत आलंच नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला, उत्तम शुक्रवार आणि ईस्टरही गेला. आई म्हणाली, विचारा तरी. बाबा म्हणाले, राहू दे. आणि मग एका सकाळी सगुणाबाई स्वतः पुस्तक घेऊन आली. नऊवारीच्या पदरात गुंडाळलेलं. बाबांच्या हातात देऊन गेली. बाबांनी उघडलं, आणि मी त्यांचा चेहरा बघत राहिले. पानापानावर रेघ होती. बाकीच्यांनी अख्ख्या पुस्तकात दोन-तीन मारलेल्या असत, हलक्या, लाजत मारल्यासारख्या. ह्या रेघा दाबून, कागद कापला जाईल इतक्या जोरानं मारलेल्या.

“आपल्या मंडळीत खरी वाचनारी एकच हाय,” त्या दिवशी बाबा आईला म्हणाले. ते किती तरी दिवस तेच म्हणत राहिले.

पुढचं वर्ष-दीड वर्ष बाबांचे उपदेश तिच्या रेघांवर चालले. काही रेघा अजब ठिकाणी होत्या. एका पानावर लेखकानं नुसतं म्हटलं होतं, ‘आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळू.’ त्याखालीच रेघ. दुसरा कुणी असता तर सोडून दिली असती. बाबांनी त्यावर आठवडाभर डोकं खाजवलं आणि रविवारी उभे राहिले. दुःख झालेल्या माणसाला वळता येत नाही, म्हणाले. जग म्हणतं, चला, पुढचा मुद्दा. आणि माणूस तिथंच उभा असतो, अंगणात, हातात लहान मुलाची चप्पल घेऊन. देवसुद्धा पुढे जात नाही, म्हणाले, तोही तिथंच थांबतो. पहिल्या बाकावर सगुणाबाई खाली मान घालून बसली होती. बाबांनी त्यांच्या आयुष्यात केलेला तो सगळ्यात चांगला उपदेश, असं आजही जुनी माणसं सांगतात.

आणि मग मी ते केलं.

मी अकरा वर्षांची होते. नाताळच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून सगळी पुस्तकं अंगणात सतरंजीवर ऊन खायला काढली होती. चुन्यात कालवलेल्या निळीचा वास, आतून तळणीचा वास, आईच्या करंज्या. आणि माझ्याकडे होता एक नवा खोडरबर. शब्बाथ शाळेत वचनं पाठ म्हटल्याबद्दल मिळालेला, गुलाबी, सेंटचा. मी तो उशाशी घेऊन झोपायचे. पुस्तकं बघता बघता मला वाटलं, किती घाण केली आहे लोकांनी! शाळेत पुस्तकात रेघ मारली तर बाई हातावर पट्टी मारत. बाबांचा दवाखाना नाताळला कसा लख्ख दिसला पाहिजे.

तीन दुपारी मी खोडत होते. भाऊ पानांवरचा चुरा फुंकून उडवायचा. सगुणाबाईच्या रेघा निघता निघत नव्हत्या. तिथं मी जीभ बाहेर काढून, सगळा जोर लावून घासलं. खोडरबर संपून बोटाच्या पेराएवढा उरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण हे माझं नाताळचं दान होतं.

बाबा खेड्यावरून परत आले. मी त्यांना हाताला धरून कपाटाशी नेलं. त्यांनी तपकिरी पुस्तक काढलं. उघडलं. चार पानं उलटली. मग मधली. मग शेवटची.

“कोनं केलं हे?”

“मी!” बक्षीस घ्यायला पुढे व्हावं तशी मी पुढे झाले.

बाबांनी पुस्तक मिटलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लय मेहनत केली वं माय तू.” आणि बस. संध्याकाळी मी अंगणातून पाहिलं तर ते खिडकीशी बसले होते. पुस्तक उजेडात तिरपं धरत होते, पुन्हा सरळ करत होते, पुन्हा तिरपं. आईनं आणून ठेवलेला चहा तसाच निवला.

नंतरही बाबा मयतीच्या घरी पुस्तक नेत राहिले, पण पेन्सिल बांधणं त्यांनी बंद केलं. का, ते मला चौदाव्या वर्षी आईकडून कळलं. कशावरून तरी मी बाबांशी भांडले होते, बाबा माझं काही समजूनच घेत नाहीत म्हणून. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “तुले ठाव हाय का, तू काय पुसलं होतं? एकेक घर होतं ते. रेघ नोती ती. अन् तुया बापानं मले शपथ घातली, पोरीले सांगू नको म्हनून.”

आई-बाबा दोघंही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्यांची माफी कधी मागितली नाही. पुढे मागू, असं म्हणता म्हणता राहिलं, आणि तेव्हा ते एवढं मोठंही वाटत नव्हतं. जुन्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या रेघा, त्यांचं काय एवढं! आशिष गेल्यावर मला कळलं की त्यांचं काय. ज्यांच्या पायाखालची जमीन गेली होती त्या माणसांनी बुडता बुडता, जिथं उभं राहता आलं ती जागा खूण करून ठेवली होती. मागून येणाऱ्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी. आणि मीच ती तीन दुपारी बसून, जीभ बाहेर काढून, पुसली होती.

नव्या पाळकसाहेबांनी खुरप्यानं वाळवीची माती बाजूला केली. खालचा कप्पा, पाळकपणाचा, पूर्ण गेला होता. पुठ्ठे उचलले की आत नुसती जाळी. वरच्यातली थोडी वाचली होती. मधल्यात, कोपऱ्यात, तपकिरी पुस्तक होतं. एक कडा खाल्लेली, पण मधली पानं धड. मी ते घेऊन खाली जमिनीवरच बसले. पाळकसाहेब म्हणाले, “ताई, खुर्ची आनतो.” मी नको म्हणून मान हलवली. ते समजून बाहेर गेले.

मी पुस्तक दारातल्या उजेडात तिरपं धरलं, बाबांनी धरलं होतं तसंच.

हलक्या रेघा गेल्या होत्या, कायमच्या. पण सगुणाबाईच्या होत्या! शिसं नव्हतं, पण कागदात चर पडलेले होते, माझ्या सगळ्या घासण्याला पुरून उरलेले. मी बोट फिरवलं. लागत होते. मी पुस्तक मांडीवर ठेवलं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिली रेघ छापखान्याच्या पत्त्याखाली होती. मला वाटलं, चुकून असेल. दुसरी अनुक्रमणिकेत. तिसरी एका प्रकरणाच्या नावाखाली. मग एकेक पान, एकेक रेघ. मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. काही अर्धवट वाक्यं होती. काहींत काहीच नव्हतं. मी पुन्हा वाचली, वेगळ्या आवाजात वाचली. मला काही होईना. ज्या ओळींवर ती बाई उभी राहिली त्या ओळी माझ्या पायाखालून मातीसारख्या सरकत होत्या, आणि मी त्या रिकाम्या खोलीत मोठमोठ्यानं रडत होते.

निम्म्याच्या पुढे एका पानावर रेघा संपल्या. पुढची पानं साफ. शेवटची रेघ ‘आणि त्या दिवशी देखील’ एवढ्याच शब्दांखाली होती. मी तिथं थांबले. नक्कीच इथं तिला सापडलं असणार. म्हणूनच पुढे मारली नाही. पण काय सापडलं? त्या दिवशी देखील काय?

सगुणाबाई जिवंत असल्याचं पाळकसाहेबांनी सांगितलं. आवाराच्या मागेच, सुनेकडे. मी पुस्तक उराशी धरून निघाले. साडी मातीनं भरली होती, ती झटकायचंही सुचलं नाही.

सगुणाबाई दारातल्या सावलीत चटईवर बसून चिंच फोडत होती. टरफलं एका बाजूला, चिंचोके एका बाजूला. पाठीला बाक आला होता. सून शेतावर गेलेली.

“कोन वं?”

“मी. जुन्या पाळकसाहेबांची मुलगी.”

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. “जाडी झाली वं तू. बस. थे खुर्ची घे.”

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. तिनं चिंचेवर हातोडीचा एक ठोका घातला आणि म्हणाली, “तुया पोराचं आइकलं म्या.” पुढे देवाची इच्छा नाही, बाग नाही, काही नाही. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं चिंचेचे चिकट हात पदराला पुसले आणि पुठ्ठ्यावर बोटं फिरवली.

“हे तं शलोमीचं पुस्तक.”

मग मी सगळं बोलून टाकलं. खोडरबर, तीन दुपारी, बाबा, आई. माफी मागितली. जी बाबांची मागायची होती ती तिच्याकडे मागितली. आणि पान उघडून तिचं बोट धरून शेवटच्या रेघेवर ठेवलं. “ही तुमची शेवटची रेघ. मला बाकीच्या नकोत. इथं तुमचा पाय टेकला ना? काय होतं इथं? मला कळत नाही हो. मला सांगा. मी फार लांबून आले आहे.”

तिनं बोटानं तो चर चाचपला.

“मले वाचता कुठं येते वं माय?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “पण गीतपुस्तक... तुम्ही दर रविवारी...”

“थे तं सारेच धरत. रिकाम्या हातानं गानं बरं दिसते का?” ती म्हणाली. “पाळकसाहेब आले, पेन्सिल देल्ली, म्हने रेघ मारजा. म्या म्हनलं, हो. पाळकसाहेबाले नाई कसं म्हनाव? पौलसले वाच म्हनलं तं तो उठून बाहीर जाये. मंग म्या काय करो, सांजीले चूल पेटवली का एक पान उलटो अन् एक रेघ मारो. आजचा दिस गेला, म्हनून. दुसऱ्या दिशी दुसरं पान.”

“आणि बाबा त्यावर...”

“आइको ना मी! पयल्या बाकावर बसून. मनात म्हनो, देवा, म्या तं नुसते दिस मोजले, अन् हे काय काय काढून राह्यले त्याच्यातून! पन इतकं चांगलं बोलत. त्याइच्या सोताच्या डोयात पानी ये. कसं सांगाव?”

“मग ही शेवटची?” मी विचारलं.

“त्याच्या दुसऱ्या सांजीले रेघ माराची राहूनच गेली. भाकरी झाल्या, जेवलो, निजलो. सकाळी ध्यानात आलं का काल मारलीच नाई. लय रडली मी त्या दिशी, पोरी. ती गेली तवा बी इतकी नोती रडली. म्हनलं, इसरली मी तिले. मंग पुस्तक वापस देल्लं.”

तिनं पुस्तक मिटून माझ्याकडे केलं आणि पुढची चिंच उचलली. मी ते घेतलं नाही. जी ओळ मी पुसली म्हणून इतके दिवस मला बोचत होतं, जिच्यासाठी आज सकाळी अंथरुणातून उठले होते, ती ओळ तिथं कधी नव्हतीच. आता मला धरायला काहीही उरलं नव्हतं. मी तशीच बोलले, एखाद्या लहान मुलीसारखी, “मग मी काय करू, सगुणाबाई? मी काय करू?”

तिनं हातातली चिंच फोडली, चिंचोका काढला, बाजूला टाकला.

“तुले किती दिस झाले?”

मला मोजावं लागलं नाही. “दोनशे चौदा.”

“अजून लय हायेत, माय,” ती म्हणाली, आणि सरकून तिनं चटईवर मला जागा केली.